संदर्भ हवा

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झालेली असतात,
बावन्नच्या बावन्न भागांत.
फक्त एकतिसाव्यात चार पंचवीस.
हे वाक्य मी सात वेळा काढलं,
त्याने आठ वेळा घातलं.

मालिकेचं नाव 'बारा नंबरचा धक्का'.
आता कुणाला आठवत नाही,
म्हणजे मला आणि त्याला सोडून.
लेखात कथानक चार ओळींचं,
आणि त्याखाली इन्स्पेक्टर वाळिंब्यांच्या शर्टाची बटणं,
एकोणिसाव्या भागात चहात तुटून पडलेलं बिस्किट,
जे ते चमचा न मागता बोटाने काढतात,
जिन्यातल्या मांजरीचे तीन वेगवेगळे रंग.
प्रत्येकाला स्वतंत्र मथळा.

मी घणसोलीत राहते, सेक्टर सातात.
अठ्ठावीस वर्षं बेलापूरच्या कचेरीत टिपण्या लिहिल्या.
अनावश्यक मजकूर वगळावा,
हा शेरा हातात इतका मुरलाय
की मेथी निवडतानाही मनात उमटतो.
चर्चापानावर मी नियम दाखवले:
हा ज्ञानकोश आहे, चाहत्याची वही नव्हे.
त्याने लिहिलं, वही आणि कोश यांत
पानं कोण फाडतं एवढाच फरक.
मी लिहिलं, संदर्भ हवा.
त्याने लिहिलं, संदर्भ: मी पाहिलं.

पाहिलं हा संदर्भ नसतो.
पाहिलेलं काय, सगळ्यांकडेच असतं.

बामा मढवींकडे होतं.
साडेबारा टक्क्यांची फाईल घेऊन यायचे गोठिवलीहून,
छत्री बाकाखाली आडवी सरकवून बसायचे.
जमीन अकरा गुंठे, मी लिहिलं. झाड: एक.
"ताय, उंबराचा झार लिव ना," म्हणाले.
खाली बायको भाकर घेऊन बसायची,
बुंध्यात खिळा होता, खिळ्याला कंदील,
खिळा कुणी ठोकला तेही सांगू लागले.
रकाना दोन बोटांचा.
म्हटलं, काका, एवढं मावत नाही.
खोटं नव्हतं ते.

मंगळवारी रात्री पावणेदहाला
आठव्यांदा काढायला बसले आणि लाइट गेली.
सेक्टर नऊच्या बाजूने धडाड आवाज.
चाळीस मिनिटं गॅलरीत,
कॅलेंडरच्या पुठ्ठ्याने वारा घेत.
लाइट आली तर त्याचा निरोप:
माफ करा, ट्रान्सफॉर्मर उडाला होता आमच्याकडे,
आता सविस्तर उत्तर देतो.

आमच्याकडे.
म्हणजे इथेच कुठेतरी, माझ्याच फीडरवर.

मी काही बोलले नाही.
पण दुसऱ्या दिवसापासून मेडिकलच्या रांगेत
लोकांच्या शर्टांची बटणं मोजत होते.
गिरणीत एक हेल्मेटवाला
भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे
जरा जास्तच वेळ बघत उभा होता.
किंवा दळणाची वाट बघत होता नुसती.

शनिवारी एकतिसावा भाग शोधून लावला.
प्रत इतकी खराब, की चेहरे पाण्याखालचे वाटावेत.
वाळिंबे दार उघडतात, मागे भिंत,
भिंतीवर चार पंचवीस.
थांबवून पाहिलं. मागे नेऊन पाहिलं.
कुणीतरी स्टुलावर चढलं असणार तीस वर्षांपूर्वी,
किल्ली दिली असणार,
मग कुणीतरी ओरडलं असणार, अरे, हात लावू नकोस.
पंधरा मिनिटं तेवढी चालून गेली.

बटणं काढली मी.
बिस्किट काढलं.
मांजर काढली, तिन्ही रंगांसकट.
घड्याळ ठेवलं,
आणि संदर्भाच्या जागी लिहिलं: दोघांनी पाहिलं.

दीड मिनिटात उत्तर आलं.
बिस्किट का काढलं?